विशाखापट्टणमला बदली: नौदलाच्या बंदराच्या गावी बिऱ्हाड करावे का?

जीवाजीगंजकर (ग्वाल्हेर)

नमस्कार. माझी बँकेतून विशाखापट्टणमला बदली झाली असून तेथे किमान तीन वर्षे काढावी लागतील. घरात पंचाहत्तरीची आई आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे. मुलगा नववीत आहे. पत्नी घरी गाण्याच्या शिकवण्या घेते, त्यामुळे सामानात दोन तानपुरे, एक पेटी आणि तबल्याची जोडी येणार हे ओघाने आलेच. घरांचे दोन पर्याय समोर आहेत. एक बंदराच्या बाजूला, कार्यालयाला जवळ आणि भाड्याने परवडणारे आहे, तर दुसरे उत्तरेकडे समुद्राच्या अंगाला असून त्याचे भाडे जवळजवळ दीडपट आहे.

आपल्या गावाच्या अर्ध्या भागाचे नावच लष्कर, मोरारला छावणी आणि महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरील विमानांचा आवाज लहानपणापासून कानावर, त्यामुळे फौजी शहराचे मला अप्रूप नाही. समुद्र मात्र आम्ही सहलीपुरताच पाहिला आहे. ज्यांचा नौदलाशी काहीही संबंध नाही अशा साध्या नागरी कुटुंबाला अशा शहरात काय लाभते आणि काय सोसावे लागते, हे तेथे राहून आलेल्यांनी सांगावे, ही विनंती.

---

मोरारकर (निवृत्त)

मी तेथील गोदीत नागरी कर्मचारी म्हणून अकरा वर्षे नोकरी केली आणि सात वर्षांपूर्वी मोरारला परत आलो. आधी एक गैरसमज दूर करतो. नौदलाचे बंदर असलेल्या शहरात वस्तुतः दोन शहरे असतात आणि त्यांच्या मधोमध एक फाटक असते. पूर्व नौदल कमांडचे मुख्यालय तेथे आहे, म्हणून कँटीन, कल्याणी रुग्णालय, मैदाने, तलाव या सगळ्याचा आपल्यालाही थोडाफार फायदा होईल असे नव्याने येणाऱ्याला वाटते. तो होत नाही. ती व्यवस्था सेवेतील लोकांसाठी, त्यांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठी आहे, आणि ते रास्तही आहे. तुम्ही फाटकाबाहेरचे रहिवासी असाल, हे मनाशी पक्के करून जावे.

फाटकाबाहेर जे मिळते तेही कमी नाही. नौदलाच्या ताब्यातील टेकड्यांवर इमारती उठल्या नाहीत. डॉल्फिन्स नोज या नावाने प्रसिद्ध असलेला समुद्रात घुसलेला डोंगर आजही बराचसा हिरवा दिसतो, याचे श्रेय मी नगरनियोजनाला देणार नाही, पहाऱ्याला देईन. देशभरातून बदल्यांवर आलेली माणसे असल्यामुळे हिंदीवर बाजारहाट निभावतो, घरमालकांना परप्रांतीय भाडेकरूंची सवय असते आणि मुलाच्या वर्गात पंजाबपासून केरळपर्यंतची मुले असतात.

एक ग्वाल्हेरी गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. गोदीच्या पलीकडे ‘सिंधिया’ नावाचा भाग आहे आणि बसचा वाहकही तेच नाव पुकारतो. मला पहिल्या दिवशी हसूच आले. ग्वाल्हेरच्या शिंदे (सिंधिया) महाराजांनी पहिल्या महायुद्धात एक आगबोट घेऊन तिचे रुग्णालय-जहाज केले होते आणि तिला ‘लॉयल्टी’ हे नाव दिले होते. पुढे १९१९ मध्ये वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकत घेऊन सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली आणि त्याच कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. आजचे हिंदुस्थान शिपयार्ड ते हेच. १९४८ मध्ये तेथून ‘जलउषा’ ही आगबोट पाण्यात उतरली. तेव्हा आपले नाव तेथे आपल्याआधीच पोहोचलेले आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हे केवळ नौदलाचे बंदर नाही, मोठे व्यापारी बंदरही आहे आणि तेथे कोळसा व लोहखनिज मोठ्या प्रमाणावर चढते-उतरते. बंदर जुन्या गावाच्या नैऋत्येला आहे आणि पावसाळी वारेही नैऋत्येकडूनच येतात. आम्ही पहिली दोन वर्षे त्या बाजूला राहिलो. सकाळी खिडकीची कड ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून घ्यावी आणि संध्याकाळी त्याच कडेवरून बोट फिरवावे, तर बोटावर काजळासारखी रेघ उठत असे. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर जेथे दोरीचा वळ पडतो, तेथे करडी पट्टी उमटत असे आणि ती धुण्याने पूर्ण जात नसे. दम्याचे माणूस घरात असताना भाड्यातील बचतीसाठी ते घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉसन्स बे, एमव्हीपी कॉलनी किंवा आणखी वर मधुरवाड्याकडे पाहावे. प्रवासात वेळ जाईल, पण श्वास मोकळा राहील.

---

माहेर_लष्कर

मोरारकर काकांनी फाटकाबाहेरची बाजू सांगितली, मी आतली सांगते. माझे यजमान नौदलात आहेत आणि मुंबई, कोची, विशाखापट्टणम व कारवार अशा चारही ठिकाणी आम्ही बिऱ्हाड केले आहे. आतले शहर स्वच्छ आणि शिस्तीचे आहे, पण ते कायम सामान बांधण्याच्या तयारीत असते. दर दोन-तीन वर्षांनी शेजार बदलतो, आणि जहाज समुद्रावर गेले की महिनोन्महिने घरे बायकांवर चालतात. तुमच्या मुलाचे काही मित्र वर्षाच्या शेवटी निघून जातील, हे त्याला आधीच समजावून सांगावे. नौदल वसाहतींमधील मुलांना याची सवय असते. बाहेरून आलेल्या मुलाला ते फार लागते, हे मी पाहिले आहे.

छायाचित्रांबाबत जपावे. आपण कौतुकाने बोटीचा किंवा धावपट्टीचा फोटो काढतो आणि पहारेकरी येऊन तो पुसायला लावतो. त्यात त्याचे काही चुकत नाही.

वहिनींसाठी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मीही पेटी घेऊन गेले होते. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या वाद्यांना समुद्राची हवा मानवत नाही. पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकतात, तबल्याची पुडी सैल पडून तो मैफलीच्या मध्येच उतरतो, आणि तानपुऱ्याच्या पोलादी तारा दोन महिन्यांत बोटाला खरखरीत लागू लागतात. मी वाद्यांच्या कपाटात कमी वॅटचा दिवा दिवसरात्र तेवत ठेवत असे आणि तारा वाजवून झाल्यावर कोरड्या मलमलीने पुसत असे. तारांचे दोन-तीन संच येथूनच न्यावेत. हीच तऱ्हा स्वयंपाकघरात असते. चिवडा डब्याचे झाकण नीट लागले नाही तर तासाभरात सादळतो, मिठाला पाणी सुटते आणि गॅसच्या शेगडीचे पाय गंजतात. आपल्याकडे गच्चीवर दोन दिवसांत कडकडीत होणाऱ्या कुरडया तेथे चौथ्या दिवशीही मधून मऊच निघतात.

कारवारचे उदाहरण मुद्दाम देते, कारण तेथे मराठी-कोकणी बोलणारी वस्ती मोठी आहे. तेथील नौदल तळ उभारण्याच्या सीबर्ड प्रकल्पाची कोनशिला १९८६ मध्ये बसली आणि कदंब हा तळ २००५ मध्ये कार्यरत झाला. त्यासाठी किनाऱ्यावरची अनेक गावे उठली, मच्छीमारांच्या नेहमीच्या वाटा बंद झाल्या आणि भरपाईचे दावे वर्षानुवर्षे न्यायालयात चालले. आम्ही तेथे सुखाने राहिलो, पण मासे विकायला येणारी बाई “आमचे घर तुमच्या भिंतीच्या आत होते” असे सहज म्हणून गेली, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. फायदे-तोटे विचारताना हे कोणाचे फायदे आणि कोणाचे तोटे, हेही पाहावे लागते.

---

बाड्यावरचा

वरील दोन्ही प्रतिसाद काहीसे प्रेमाने लिहिलेले वाटतात, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मी तेथे पाच वर्षे होतो. तेव्हा विमानतळाची धावपट्टी नौदलाच्या डेगा या तळाची होती, त्यामुळे नागरी विमानांच्या वेळा नौदलाच्या सोयीने ठरत. अर्थात ग्वाल्हेरकरांना हे सांगायला नको, आपला विमानतळही हवाई दलाच्या तळावरच आहे.

खरा प्रश्न वादळांचा आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद हे चक्रीवादळ थेट शहरावर आले. विमानतळाच्या इमारतीचे छत कोसळले, वर वर्णन केलेल्या हिरव्या टेकड्यांवरची झाडे एका दिवसात उघडी पडली आणि आमच्या इमारतीत सहा दिवस वीज नव्हती. पाचव्या मजल्यावर पाणी हाताने चढवावे लागले. एवढे मात्र मान्य करतो की, अशा वेळी नौदल गावात असणे हा मोठा आधार असतो. त्यांची माणसे आणि हेलिकॉप्टरे बाहेरून बोलवावी लागत नाहीत, ती तेथेच असतात.

दुसरे म्हणजे घर विकत घेण्याच्या भरीस पडू नका. संरक्षण आस्थापनेच्या जवळ बांधकाम असेल तर ना हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. माझ्या एका सहकाऱ्याने बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर पैसे गुंतवले आणि तीन वर्षे तो अर्धवट सांगाड्याकडे पाहत राहिला.

युद्धाच्या भीतीबद्दल कोणी लिहिले नाही. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी याच बंदराच्या तोंडाशी बुडाली. तरीही तेथील लोक या भीतीने झोप घालवत नाहीत, मीही घालवली नाही.

---

मोरारकर (निवृत्त)

वादळाबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी त्या वेळी सुट्टीवर मोरारला होतो, म्हणून बचावलो आणि म्हणूनच बहुधा लिहायचे राहिले. गच्चीलगतचा वरचा मजला घेऊ नये, एवढी भर घालतो.

नववीतल्या मुलासाठी एक सांगतो. रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी किनाऱ्यावर आणून तिचे संग्रहालय केले आहे. ती १९६९ मध्ये नौदलात दाखल झाली आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. आत वाकून चालावे लागते आणि दोन झोपण्याच्या फळ्यांमध्ये वीतभर अंतर असल्यासारखे वाटते. माझा पुतण्या ते पाहून आला आणि त्याने नौदलात जाण्याचा बेत त्याच संध्याकाळी रद्द केला. मात्र त्याच किनाऱ्यावर पोहायला उतरू देऊ नका. पाण्याला ओढ फार आहे आणि दरवर्षी तेथे माणसे बुडतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास जमल्यास प्रात्यक्षिके पाहावीत, पण मुख्य सोहळा आता दरवर्षी तेथेच असतो असे नाही. २०२३ मध्ये तो मालवणजवळ झाला, २०२४ मध्ये पुरीला.

---

जीवाजीगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरेकडचे घर घेण्याचे ठरवले आहे आणि पुढच्या आठवड्यात पाहायला जातो आहे. पांढरा रुमाल खिशात असेल. पत्नीने तारांचे चार संच सांगून ठेवले आहेत. आईचा एकच प्रश्न राहिला आहे: घरातून लढाऊ जहाजे दिसतील का?

---

माहेर_लष्कर

काकूंना सांगा, ती फारशी दिसणार नाहीत, कारण ती आतल्या बंदरात डोंगराआड असतात. पण समुद्राकडे तोंड असलेली गॅलरी मिळाली तर बंदरात जागा मिळण्याची वाट पाहत बाहेर नांगरलेली मालवाहू जहाजे रोज दिसतील. दिवसा ती करडी आणि कंटाळवाणी वाटतात. रात्री त्यांचे दिवे लागले की आपल्या महाराज बाड्याच्या चौकात दिवाळीत रांगेने पणत्या लावाव्यात तशी ओळ क्षितिजावर उभी राहते. माझ्या सासूबाई जेवणानंतर ती मोजत बसायच्या आणि सकाळी एखादे कमी झाले की मला विचारायच्या, “कुठले गेले ग?”