डिस्ट्रिक्ट जजला मराठीत काय म्हणावं? (फ्रँक जॉन्सन टिपण)

नमस्कार मंडळी,

पुढच्या वाचनगटासाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात वर्णभेदाविरुद्ध मोठे निकाल देणारे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यावरचं दोन पानी टिपण तयार होतंय. जाणकारांनी तीन शंकांचं निरसन करावं.

१. ‘डिस्ट्रिक्ट जज’साठी ‘जिल्हा न्यायाधीश’ चालेल का?
२. माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद मोडणाऱ्या खटल्यात रोझा पार्क्स (गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला नकार दिला म्हणून अटक झालेल्या) वादी का नाहीत?
३. सेल्मा ते माँटगोमेरी या कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काच्या मोर्चाला जॉन्सन यांनी आधी मनाई केली, मग आठवड्याभरात परवानगी दिली. मत बदललं म्हणायचं का?

— मा. द.

---

ताई, नमस्कार.

‘जिल्हा न्यायाधीश’ अजिबात लिहू नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साताऱ्याचं किंवा नाशिकचं जिल्हा न्यायालय उभं राहील. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल करतात आणि त्याला निवृत्तीचं वय असतं. अमेरिकेतल्या फेडरल डिस्ट्रिक्ट जजला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि नेमणूक तहहयात असते. राज्याच्या न्यायव्यवस्थेशी त्याचा सेवेचा काही संबंध नसतो. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे महसुली जिल्हाही नव्हे. देशात असे ९४ डिस्ट्रिक्ट आहेत आणि एकट्या अलाबामात तीन. ‘फेडरल डिस्ट्रिक्ट जज’ असंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘साक्षीपुरावा घेऊन खटला प्रत्यक्ष चालवणारे केंद्रीय न्यायाधीश’ असा खुलासा करा.

हा फरक टिपणात यायलाच हवा. अलाबामाचे गव्हर्नर आणि वर्णभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस हे जॉन्सन यांचे लॉ स्कूलमधले सहाध्यायी. पुढे ते त्यांना जाहीर सभांतून शिव्या घालत, पण त्यांची बदली करणं किंवा पगार अडवणं वॉलेस यांच्या हातात नव्हतं. शिवाय जॉन्सन यांचं न्यायालय माँटगोमेरीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत. राज्याचे अधिकारी तिथेच बसत, त्यामुळे सबंध अलाबामाला लागू होणारे दावे त्यांच्यासमोर येत. अलाबामातले इतके मोठे निकाल या एकाच माणसाच्या नावावर का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

बस खटला (ब्राउडर विरुद्ध गेल): निकाल एकट्या जॉन्सन यांचा नव्हे. राज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून त्याविरुद्ध मनाई हुकूम मागितला, तर त्या काळी तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी व्हावी लागे आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. इथे अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्स, सीबॉर्न लिन आणि जॉन्सन असे तिघे बसले. ५ जून १९५६ रोजी २ विरुद्ध १ असा निकाल लागला. लिन यांचा विरोध होता. जॉन्सन तेव्हा ३७ वर्षांचे होते आणि आयझेनहॉवर यांनी त्यांना नेमून वर्षही झालं नव्हतं.

पार्क्स यांच्यावर राज्याच्या न्यायालयात फौजदारी प्रकरण चालू होतं. त्यांना वादी केलं असतं तर ‘आधी तिकडचा निकाल लागू द्या’ अशी हरकत आली असती. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघींच्या नावाने दिवाणी दावा चालवला. तारखा लिहिताना जपा. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला निकाल कायम केला, पण हुकूम माँटगोमेरीत पोचला २० डिसेंबरला. बसमध्ये कुठेही बसता येऊ लागलं ते २१ डिसेंबरपासून. ‘१३ नोव्हेंबरला कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार संपला’ ही चूक सर्रास होते.

— वि. ग.

---

काकांनी दोन शंका सोडवल्याच आहेत. सेल्माबद्दल मी लिहिते.

मत बदललं नाही. मनाई हुकमाचे दोन टप्पे वेगळे ठेवा. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चा झोडपून काढला. दुसऱ्याच दिवशी होझिया विल्यम्स, जॉन लुईस आणि अमेलिया बॉइंटन यांनी दावा दाखल केला. सुनावणी ११ मार्चला ठेवून जॉन्सन यांनी ९ तारखेला ‘तोपर्यंत मोर्चा नको’ असा तात्पुरता हुकूम काढला. त्यात हक्काचा निवाडा नव्हता. पुरावा नोंदवून होईपर्यंत स्थिती जैसे थे ठेवायची, एवढंच. नंतर साक्षी झाल्या आणि पुलावरच्या मारहाणीचं चित्रीकरण कोर्टात दाखवण्यात आलं. १७ मार्चला त्यांनी मोर्चाला मुभा दिली आणि राज्याला आडवं येण्यास मनाई केली. जितका अन्याय मोठा, तितका त्याविरुद्ध रस्त्यावर येण्याचा हक्कही मोठा, असा त्यांचा तर्क होता. यावर आजही वकिलांमध्ये वाद होतात. अन्याय मोजून हक्काचं माप ठरवणं मलाही पुढच्या खटल्यांसाठी धोक्याचं वाटतं.

पण हुकूम बघा किती नेमका. मोर्चा कसा काढणार याचा आराखडा त्यांनी वादींकडूनच लेखी घेतला होता. सेल्माहून माँटगोमेरीला जाणारा हायवे ८० जिथे दोनपदरी होतो तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत. चौपदरी भागात संख्येला मर्यादा नाही. त्यामुळे ‘वाहतूक कोलमडेल’ या राज्याच्या मुद्द्यात दम उरला नाही. २१ ते २५ मार्च असे सुमारे ५४ मैल मोर्चा चालला. संरक्षणाचा खर्च झेपणार नाही असं वॉलेस म्हणाले, तेव्हा अलाबामाचं नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्यदल) केंद्राच्या ताब्यात घेतलं ते राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी. टिपणात दोन जॉन्सन एकाच परिच्छेदात येतील, तेव्हा दर वेळी ‘न्यायाधीश’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ लावा.

त्यांचा उलटलेला निकालही घाला, नाहीतर टिपण आरतीसारखं होईल. १९५७ च्या कायद्याने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द २८ बाजूंची केली आणि ४०० च्या आसपास कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर टाकले. जॉन्सन यांनी दावा फेटाळला, कारण हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम असं सांगणारे वरच्या न्यायालयाचे निवाडे त्यांच्यावर बंधनकारक होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये हा निकाल एकमताने फिरवला. प्रकरण परत आल्यावर १९६१ मध्ये तो कायदा जॉन्सन यांनीच रद्द ठरवला.

— रो. का.

---

वि. ग., रो. का., मनापासून आभार. आणखी एक: मनोरुग्णालयाच्या खटल्याबद्दल ‘त्यांनी रुग्णालयं सुधारली’ असं मोघम वाक्य झालंय. तिथे नेमकं काय द्यावं?

— मा. द.

---

ताई, ते वाक्य काढून आकडे द्या. या खटल्यात आकडेच बोलतात.

खटल्याचं नाव वायट विरुद्ध स्टिकनी. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस या सरकारी मनोरुग्णालयातले ९९ कर्मचारी कमी केले, तिथून सुरुवात झाली. रुग्ण होते सुमारे ५,०००. मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी ठरवलं की बरं करण्यासाठी म्हणून माणसाला इच्छेविरुद्ध डांबलं असेल, तर उपचार हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. राज्याला सहा महिने दिले. राज्याने आणलेली योजना इतकी सैल होती की ती पाळली की मोडली हे तपासायला मापच नव्हतं. ‘पुरेसे उपचार द्या’ एवढाच हुकूम निघाला असता तर त्याचीही तीच गत झाली असती. अवमानाची कारवाई करायची तर आधी हुकूम मोडल्याचं दाखवता यायला हवं.

म्हणून १३ एप्रिल १९७२ च्या हुकमाला मोजता येतील अशी किमान मानकं जोडली. एका खोलीत जास्तीत जास्त सहा रुग्ण आणि प्रत्येकी किमान ८० चौरस फूट जागा. आठ रुग्णांमागे एक शौचालय, १५ रुग्णांमागे एक न्हाणी. तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट. दर २५० रुग्णांमागे डॉक्टर, परिचारिका किती, हेही ठरवून दिलं. शौचालयं मोजायला कायद्याची पदवी लागत नाही. त्यांनी नेमलेल्या मानवी हक्क समित्याही ती मोजू शकत होत्या. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं.

मर्यादाही लिहा. हुकमाने माप ठरतं, तिजोरीत पैसे येत नाहीत. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की खटला डिसेंबर २००३ मध्ये बंद झाला, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी. जॉन्सन १९७९ मध्येच अपील न्यायालयात गेले होते आणि जुलै १९९९ मध्ये वारले. खटला मिटवण्याचा हुकूम काढला मायरन थॉम्पसन यांनी, त्याच माँटगोमेरीच्या न्यायालयात.

पुढचा मसुदा यादीवर टाका, तारखा एकदा नजरेखालून घालतो.

— वि. ग.