प्वेर्तो वायार्ता (मेक्सिको) : गेलेल्यांनी अनुभव लिहा

वेंगुर्ल्याची_सून
काल दुपारी गाडीत बसले आणि बघते तर डॅशबोर्डवरच्या कासवाची पाठ ओघळलेली. लाकडी कासव आहे, वर मेण थापून त्यात एकेक बारीक मणी सुईने टोचून बसवलेला, तिथल्या विचोल आदिवासींची कला. ते लोक स्वतःला विरारिका म्हणवतात (नाही, विरारशी संबंध नाही, आमच्या घरी हा विनोद करून झालाय). नवऱ्याने शोकेसमधून काढून गाडीत ठेवलं, 'छान दिसतं' म्हणे. ह्यूस्टनच्या जुलैत! विकणाऱ्याने तेव्हाच सूर्याकडे बोट दाखवून 'नो, नो' केलं होतं.

२०१७ च्या जानेवारीत घेतलं होतं, रिओ क्वाले नदीकाठच्या बाजारात. आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. व्हेल बघायचे म्हणून गेलेलो, हंपबॅक डिसेंबर ते मार्च त्या खाडीत पिल्लं घालायला येतात. सासूबाई म्हणाल्या मी होडीत बसणार नाही, आयुष्यभर होड्याच बघितल्या. मग त्यांना मालेकोनवर (समुद्रालगतचा चालायचा रस्ता, गाड्या नाहीत) बाकावर बसवून आम्ही गेलो. मुलाने माय-लेकरू व्हेल बघितले, शेपूट आपटल्याचा आवाज बंदुकीसारखा आला, नवऱ्याने पूर्ण वेळ उलट्या केल्या. परत आलो तर सासूबाईंच्या हातात दुसरा ग्लास. खांद्यावर भलामोठा भोपळा घेऊन एक जण तुबा विकत होता, वर सफरचंदाचे तुकडे नि शेंगदाणे टाकून देतो. मला म्हणाल्या, "अगो, ही माडीच. फक्त गोड केल्यान मेल्यान."

आणि खरंच तसंच आहे! माडाची पोय कापून काढलेला रस. ही विद्या त्या किनाऱ्यावर फिलिपिनो खलाशांनी नेली, मनिलाहून जहाजं यायची तेव्हा. गूगल न करता सासूबाईंनी एका घोटात ओळखलं.

तर कोण कोण गेलंय? लिहा.

कांदेपोहे_२
कॅनकूनला गेलोय, चालेल का? 😀

वेंगुर्ल्याची_सून
नाही चालणार, ते पार दुसऱ्या टोकाला, कॅरिबियनवर. हे पॅसिफिक.

घड्याळजी
आमचं २००९. हॉटेल नुएव्हो वायार्तात, म्हणजे आमेका नदीपलीकडे नायारित राज्यात, आणि एअरपोर्ट अलीकडे हालिस्को राज्यात. तेव्हा दोन्हींच्या घड्याळात एक तासाचा फरक होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणजे तिकिटावर होतं असं बायको अजून म्हणते. १० ला आरामात टॅक्सीत बसलो, पंधरा मिनिटांत पोचलो तर तिथे सव्वाअकरा. विमान गेलं. २०१० मध्ये त्या लोकांनी तिकडचं घड्याळ वायार्ताशी जुळवून घेतलं. आमच्यासाठी एक वर्ष उशीर.

मीठतिखट
😂😂 घड्याळजी तुमचं नाव आत्ता कळलं

शाकाहारींनो, 'सिन कार्ने' म्हटलं की चिकन देतात, ते मांसात धरत नाहीत बहुतेक. बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, 'मांतेका' शब्द पाठ करून जा. मी चार दिवस एस्कितेसवर काढले, म्हणजे कपात मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज (मेयोनीज नको सांगायचं). आणि आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ-लिंबू! शाळेच्या गेटबाहेर उभी आहे असं वाटलं.

फणसाळकर
फणस कुणालाच दिसला नाही?? तिथून उत्तरेला सान ब्लासकडे जाताना रस्त्याच्या कडेला फणसाचे ढीग. 'याका' म्हणतात. गाडी थांबवली, बाईने गरे काढून पिशवीत घातले आणि त्यावर तिखट पूड टाकायला निघाली. मी ओरडलो. कापा होता, बरका नाही मिळाला.

मीठतिखट
@फणसाळकर तिखटासोबत खाऊन बघा, उगीच ओरडू नका

वेळासवारी
कासवावरून आठवलं. आम्ही ऑक्टोबरात होतो, संध्याकाळी किनाऱ्यावर पिल्लं सोडतात. ऑलिव्ह रिडले, आपल्या वेळासला येतात तीच जात, फक्त तिकडे हंगाम उन्हाळा-पावसाळ्यात. हातांना सनस्क्रीन असतं म्हणून पिल्लू हातात देत नाहीत, करवंटीत देतात. माझ्या लेकीच्या करवंटीतलं पिल्लू उलट दिशेला हॉटेलकडे चालायला लागलं, ती रडकुंडीला, "आई त्याला सांग ना!" वेळासला दोरी लावून लांब उभं करतात ते जास्त बरं वाटतं मला. पण लेकीला विचाराल तर नाही.

आळशी_प्रवासी
एक सावधगिरी. फुकट नाश्ता + व्हेलची तिकिटं असं कुणी एअरपोर्टवर म्हणालं तर मान खाली घालून चालत सुटा. आम्ही बसलो. नव्वद मिनिटं म्हणाले, साडेचार तास टाइमशेअर (दरवर्षी ठराविक दिवस हॉटेल वापरायचा हक्क) विकत होते, शेवटी तिसरा माणूस येऊन आमच्या मुलांच्या भविष्याबद्दल बोलायला लागला. पपई चांगली होती.

उंदीरमामा
मालेकोनवरचे व्होलादोरेस! उंच खांबावर पाच जण, एक वर बसून बासरी-ढोलकी वाजवतो, चौघं कमरेला दोर बांधून उलटे गोल फिरत खाली येतात. मूळचे पापांतलाकडचे, २००९ पासून युनेस्कोच्या यादीत. खाली आले की टोपी फिरवतात, सुटे पैसे ठेवा. मी मल्लखांबवाला माणूस आहे, मला त्या दिवशी झोप नाही आली.

शिरीष_फूल
येलापाला होडीने गेलात की नाही? बोका दे तोमात्लानहून. किनाऱ्यावर बायका डोक्यावर डबे घेऊन पाय विकतात (खायचे पाय हो, लिंबाचे, नारळाचे). मी नारळाचा घेतला. अजून एक घ्यायला हवा होता.

बाकी जुन्या लोकांना आठवेल, १९६३ मध्ये जॉन ह्यूस्टनने मिस्मालोयात सिनेमा काढला आणि त्यातला नट रिचर्ड बर्टन, त्याच्या मागोमाग एलिझाबेथ टेलर तिथे राहायला आली, तेव्हापासून ते गाव जगाला कळलं.

कांदेपोहे_२
ह्यूस्टनने काढला, ह्यूस्टनमध्ये कासव वितळलं

मीठतिखट
😑

घड्याळजी
व्हिसाचं कुणीतरी सांगा, भाचा विचारतोय, भारतीय पासपोर्ट.

आळशी_प्रवासी
अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. जायच्या आधी एकदा तपासायला सांगा.

वेळासवारी
ताई, कासव फ्रीजमध्ये ठेवा आधी, मग मणी परत टोचता येतील.

वेंगुर्ल्याची_सून
ठेवलंय, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. मणी नवऱ्याला वेचायला लावले, सीटच्या फटीतून १४३ निघाले. फोटो सासूबाईंना पाठवला तर त्यांनी कासवाबद्दल एक शब्द नाही, उलट विचारतायत, "तो तुबावालो अजून बसता काय गो थय?"