मदत हवी आहे : राहणे रायगड जिल्ह्यात, शाळा ठाणे जिल्ह्यात, नवोदयच्या नववी प्रवेशाचे काय?

माझी भाची सध्या आठवीत असून जवाहर नवोदय विद्यालयात नववीसाठी होणाऱ्या निवड चाचणीला बसण्याची तिची मनापासून इच्छा आहे. सहावीनंतर तेथे नववी व अकरावीलाच, आणि तेही रिक्त जागा असतील तरच, प्रवेश मिळत असल्यामुळे ही संधी वाया जाऊ नये असे वाटते.

अडचण जिल्ह्याची आहे. आम्ही खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात राहतो. तिची शाळा मात्र रेल्वेने अवघे एक स्थानक दूर असलेल्या बेलापूरला आहे आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात मोडते. नियमानुसार विद्यार्थी ज्या जिल्ह्याचा रहिवासी आहे, त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत आठवीत शिकत असला पाहिजे. आमचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि वीजबिल खारघरचे आहे, तर बोनाफाईडवर बेलापूर. माहितीपत्रक नीट वाचले, मुख्याध्यापकांनाही विचारले; त्यांच्याकडे असे प्रकरण पूर्वी आलेले नाही.

घर बदलणे शक्य नाही. खारघरमधील एक अनुदानित शाळा वर्षाच्या मध्यावर तिला घेण्यास तयार आहे. गणित व विज्ञानाला प्रत्येकी ३५ आणि इंग्रजी व हिंदीला प्रत्येकी १५ गुण असल्याने तयारी तिने सुरू केली आहे. ऐन अभ्यासात शाळा बदलण्याचा ताण विनाकारण नको, एवढीच काळजी.

ज्यांनी स्वतः असा अर्ज भरला आहे त्यांनी कृपया सांगावे : अर्ज भरण्यापूर्वी दाखला खारघरच्या शाळेत नेल्यास कागदपत्रांच्या पडताळणीत तो ग्राह्य धरतात का, की आठवीचे संपूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यात झालेले लागते?