सशाचा गुडघा भरला, म्हणून आईचाही भरेल?

कातळकर: आई रत्नागिरीहून गुडघा दाखवून आली, ती गुडघ्याच्या एका औषधाचं माहितीपत्रक घेऊन. ‘सशांमध्ये गादी पुन्हा तयार!’ खाली सॅफ्रॅनिन-ओ या रंगाने लाल केलेल्या, सशाच्या सांध्यातल्या पातळ कापाचा एकुलता एक फोटो. मी गुरांचा डॉक्टर, शिकताना असे काप मोजलेत. सशाची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची ही गादी, जेमतेम ०.३ मिलिमीटर, माणसाच्या गुडघ्यात ती दोनेक मिलिमीटर. त्यातून खालच्या हाडात भोक पाडलं की मज्जेतल्या पेशी वर येतात आणि कोवळा ससा तो खड्डा औषधाविनाही बराचसा भरतो. नुसतं भोक पाडून सोडलेला गुडघा शेजारी दाखवलाय का? नाही. मग हा पुरावा कसला?

प्रयोगशाळेतली: पत्रक वाईट म्हणून सशांना का झोडपता? कूर्चेच्या पेशी वाढवून परत बसवणं आधी सशांतच करून पाहिलं, मग १९९४ मध्ये स्वीडनमधल्या २३ रुग्णांचे निकाल आले. शिवाय काप डोळ्यांनी ‘छान दिसतो’ म्हणून सोडत नाहीत. काप पाहून गुण द्यायच्या ओड्रिस्कॉल, वाकिटानी अशा पद्धती आहेत. कुठला गुडघा कुठल्या गटातला, हे गुण देणाऱ्याला माहीत नसतं.

कातळकर: त्या गुणांचंच दुखणं आहे ना! ओड्रिस्कॉलमध्ये २४ म्हणजे उत्तम, वाकिटानीत ० उत्तम आणि १४ म्हणजे पार वाया. आणि बेरीज एक असली तरी गुडघे सारखे नसतात. एकात रंग फिका पण कडा सांधलेल्या, दुसऱ्यात रंग झकास पण कडेला फट. मला विचाराल तर फट वाईट, पुढे तिथूनच उचकटतं.

देवगडचा बागवाला: आंब्याच्या साक्यासारखंच की हो, गरात पांढरा, स्पंजासारखा भाग होतो ना, तो. हापूस वरून सोनं, कापल्याशिवाय आतला साका कळत नाही. पण कापला की फळ गेलं.

प्रयोगशाळेतली: अगदी! म्हणून एका प्राण्याची एकच तारीख मिळते. अधल्यामधल्या तारखांना एमआरआय.

कातळकर: आणि दाबून बघणं? खड्ड्यात खऱ्या कूर्चेऐवजी तंतुमय कूर्चा भरली तरी तीही पांढरी, गुळगुळीत दिसते, पण तिच्यात कोलॅजन या प्रथिनाचा टाइप-१ प्रकार जास्त, खऱ्या कूर्चेतला टाइप-२ कमी. भार घेताना ती लवकर झिजते. बारीक दांड्याने दाबून ताठरपणा मोजा आणि बोकडात वर्षभर थांबा.

प्रयोगशाळेतली: वर्षभर बोकड सांभाळायचा खर्च कोण देणार? पहिली चाळणी सशावरच होणार. फक्त पत्रकात ‘ससा’ हा शब्द ठळक छापा.

मालवणी माणूस: ता सगळा खरा. पण माज्या आवशीक आता काय सांगू? ती म्हणता, ससो धावता मगे मी कित्या नाय?

कातळकर: धावणारा ससा त्या पत्रकात कुठेच नाही, नुसता काप आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा, माणसांत किती जणांना दिलं आणि दोन वर्षांनी ते कसे चालतात. मीही तेच विचारणार आहे.