शोकातून, शोकात की शोकाची? : दुःखाच्या छायेतल्या संगीताला आणि चित्रपटाला दाद देताना

मूळ प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)

आमच्या मंडळात महिन्यातून एक चित्रपट पाहून त्यावर दोन पानी मराठी टिपण काढण्याची पद्धत आहे. या वेळचा चित्रपट म्हणजे ऑस्ट्रेलियन गायक-गीतकार निक केव्ह यांच्यावरचा, अँड्र्यू डॉमिनिक यांनी दिग्दर्शित केलेला 'वन मोअर टाइम विथ फीलिंग' हा २०१६ सालचा कृष्णधवल माहितीपट. केव्ह यांचा १५ वर्षांचा मुलगा आर्थर जुलै २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून गेला. 'स्केलेटन ट्री' या गीतसंग्रहाचे काम तेव्हा चालू होते, आणि संग्रह प्रसिद्ध होताना मुलाखतकारांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागू नये, या हेतूने हा माहितीपट करण्यात आला. टिपण लिहिताना दोन ठिकाणी लेखणी अडते. या गाण्यांना 'पुत्रशोकातून जन्मलेली' म्हणावे की आणखी काही? आणि पाहणाऱ्याला जे झाले त्यासाठी क्रियापद कोणते वापरावे? 'आवडला' असे लिहवत नाही, 'भावला' हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे, आणि 'हृदयद्रावक' म्हटले की अपघाताची बातमी वाचल्यासारखे वाटते.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. 'शोकातून' या रूपातला '-तून' म्हणजे 'आतून'. आधी ती जागा असावी लागते आणि मग तिच्यामधून काही बाहेर यावे लागते, त्यामुळे 'पुत्रशोकातून जन्मलेली गाणी' असे लिहिताना शोक आधीचा आणि गाणी नंतरची, हा क्रम आपण ठामपणे सांगून मोकळे होतो. येथे तो क्रम खरा नाही, कारण त्या संग्रहातली बहुतेक गाणी अपघातापूर्वीच लिहून झालेली होती. पहिल्या गाण्याच्या आरंभीच कुणीतरी आकाशातून नदीकाठच्या शेतात कोसळल्याचा उल्लेख येतो, आणि मुलाची हकिगत ठाऊक असलेल्या श्रोत्याच्या काळजात तेथे धस्स होते. ते धस्स होणे खरे असले, तरी ते श्रोत्याकडून गाण्यात गेलेले आहे, गाण्याकडून श्रोत्याकडे आलेले नाही.

'शोकात पूर्ण झालेला संग्रह' हे बिनधोक आहे, कारण सप्तमी काळ आणि अवस्था सांगते, कारणाच्या भानगडीत पडत नाही. 'शोकाने घडवलेला' म्हटले की तृतीयेमुळे शोकच कर्ता होऊन बसतो आणि ज्याने चाल बांधली, शब्द खोडले, पुन्हा लिहिले, तो माणूस बाजूला पडतो. हे मला मान्य नाही. 'शोकाची गाणी' ही षष्ठी मात्र सर्वांत लबाड, कारण तो शोक गाण्याच्या विषयाचा की गाणाऱ्याच्या घरातला, हे सांगण्याची जबाबदारीच ती टाळते.

येथून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर देवास आहे, आणि कुमार गंधर्वांविषयी आपल्या इंदुरी मराठी घरांत हाच घोळ पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. क्षयामुळे ते १९४८ मध्ये देवासला आले, काही वर्षे गाणे बंद राहिले आणि नंतर ते पुन्हा मैफलीत उभे राहिले, एवढे सर्वांना माहीत असते. त्यावरून 'एक फुफ्फुस गेल्यामुळे त्यांची गायकी तशी झाली' हे वाक्य तयार होते. या 'मुळे'ने किती गोष्टी गिळून टाकल्या ते पाहावे. आजारपणात माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली, पुढे त्यांनी ती जमवली, त्यांच्या धुनांवर विचार केला, त्यांतून नवे राग उभे केले. हे सगळे फुफ्फुसाने केले नाही. त्यांच्या पत्नी भानुमतीताई १९६१ मध्ये गेल्या. 'त्यांच्या निधनानंतरची निर्गुणी भजने' असे कोणालाही तारखा पाहून लिहिता येते. 'त्यांच्या निधनातून आलेली' असे लिहायचे, तर गाणाऱ्याच्या मनात शिरल्याचा दावा करावा लागतो.

प्रतिसाद (लोकमान्यनगर, इंदूर)

विभक्तीचा मुद्दा रामबागच्या काकांनी इतका नेमका मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो.

कोणाच्या घरी माणूस गेले की आपण 'समाचाराला' जातो. हिंदीत समाचार म्हणजे बातमी, त्यामुळे शेजारच्या हिंदी भाषकांना 'आई समाचाराला गेली आहे' हे वाक्य ऐकून आई बातम्या वाचायला गेली असे वाटते, ही येथली जुनी गंमत आहे. त्यांच्याकडे वर्तमानपत्रात 'उठावना' (शोकबैठक) असा मथळा असतो आणि त्यांना तेवढा पुरतो. समाचाराची भाषा ठरलेली असते. तेथे जाणारा माणूस शब्द तोलून बोलतो, जे झाले त्याबद्दल मत देत नाही, जेवढा वेळ बसायचे तेवढा बसतो आणि 'येतो' असेही न म्हणता उठतो. माझे म्हणणे असे की शोकाच्या छायेतला चित्रपट पाहिल्यावर आपण न कळत याच भाषेत लिहू लागतो. 'वडिलांच्या मनावरचा आघात पाहून अंतःकरण विदीर्ण झाले' हे वाक्य त्या वडिलांना पाठवायच्या पत्रात शोभेल, टिपणात नाही, कारण त्यात छायाचित्रण कृष्णधवल का आहे, कॅमेरा कोठे थांबतो, गाणे आणि बोलणे एकमेकांत कसे मिसळते, यांतले काहीच उरत नाही. ('समाचार घेणे' याचा दुसरा अर्थही समीक्षकांना चांगला ठाऊक आहे, पण त्याची येथे गरज नाही.)

दुसऱ्या टोकाला मैफलीची भाषा आहे: रंगला, जमला, बहार आणली. ती येथे कानाला खटकते. मधला शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे 'दाद'. आज 'दाद देणे' म्हणजे वाहवा करणे एवढाच अर्थ समजला जातो, पण हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ न्याय. 'फिर्याद' म्हणजे न्यायासाठी केलेला आक्रोश आणि 'दाद' म्हणजे त्या आक्रोशाला मिळालेले उत्तर, म्हणून तर 'दादफिर्याद' हा जोडशब्द झाला. 'त्याने दाद मागितली', 'कोर्टात दाद लागली नाही', 'दुखणे औषधाला दाद देत नाही', या सर्व प्रयोगांत एकाचे दुसऱ्यापर्यंत पोहोचणे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर देणे, हाच धागा आहे. त्या अर्थाने पाहणारा हा ऐकून घेणारा असतो. सांत्वन करणारा नसतो आणि टाळ्या वाजवणाराही नसतो.

क्रियापदांविषयी एक निरीक्षण. 'मी हेलावलो' आणि 'मला गलबलून आले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात 'मी' प्रथमेत, म्हणजे वाक्याच्या मध्यभागी बसलेला आहे. दुसऱ्यात 'मला' आहे आणि क्रियापदाला नाव घेण्याजोगा कर्ताच नाही, जसे 'मला मळमळते' किंवा 'आज लवकर उजाडले' यांत नसतो. भरून येणे, गहिवरून येणे, गलबलून येणे, दाटून येणे हा सगळा कुळाचार भावकर्तृक आहे. स्वतःच्या हळवेपणाचे कौतुक न करता झालेला परिणाम नोंदवण्याची ही सोय मराठीत तयार असताना 'चित्रपट अंगावर येतो' असे का लिहावे, ते मला समजत नाही. अंगावर बैल येतो.

प्रतिसाद (सुदामानगर, इंदूर)

'दाद'ची व्युत्पत्ती सुंदर आहे, पण शब्द आज ज्या अर्थाने चालतो त्याच अर्थाने वाचला जाणार. टिपण वाचणारा सामान्य वाचक फारसीपर्यंत जाणार नाही; तो 'बापाच्या दुःखाला दाद दिली' एवढेच वाचेल आणि दचकेल.

मला वाटते की संस्कृत काव्यशास्त्रातला शोक आणि करुण यांतला जुना भेद येथे अधिक उपयोगी पडेल. शोक हा स्थायी भाव, म्हणजे मनात वसणारी भावना; करुण हा रस, म्हणजे कलाकृतीतून मिळणारा तिचा आस्वाद. व्याधाने जोडीतला क्रौंच पक्षी मारलेला पाहून वाल्मीकी मुनींच्या तोंडून श्लोक निघाला, त्या कथेवरून आनंदवर्धनाने 'शोकः श्लोकत्वमागतः' म्हटले, आणि त्यावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताने बजावले की हा मुनीचा स्वतःचा शोक आहे असे समजू नये. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ झाला असता, तर रसाला जागाच उरली नसती. निक केव्ह यांच्या बाबतीत हा सिद्धांत ताणला जातो हे मी मान्य करतो, कारण येथे क्रौंच पाहणारा आणि ज्याचा जिवलग गेला तो एकच आहे. तरीही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून तोच माणूस स्वर नीट लागला की नाही हे ऐकतो, तेव्हा शोकापासून तेवढे अंतर पडलेलेच असते. म्हणून शोक हा शब्द माणसासाठी आणि करुण हा शब्द कृतीसाठी राखून ठेवावा, असे मी सुचवेन. फक्त 'करुण'च्या जागी 'केविलवाणा' येऊ देऊ नये, कारण केविलवाण्या माणसाची कीव येते आणि कीव आली की ऐकणे थांबते.

प्रतिसाद (लोकमान्यनगर, इंदूर)

'दुःखाला दाद दिली' असे कोणीच लिहू नये, हे अगदी बरोबर. दाद गाण्याला द्यायची, दुःखाला नाही. चतुर्थीचा प्रत्यय कोणत्या नामाला लागतो, यावरच सगळे अवलंबून आहे. 'केविलवाणा'विषयी पूर्ण सहमत.

मूळ प्रश्नकर्ता (राजेंद्रनगर, इंदूर)

सर्वांचे आभार. गाण्यांना 'विराणी' म्हणावे काय, असे मंडळातल्या एकांनी सुचवले होते, पण विराणी 'विरहिणी'वरून आली आणि तिच्यात परत भेटीची आस असते, म्हणून तो शब्द मी घेतला नाही. 'विलापिका' घेतला असता, परंतु बहुतेक शब्द अपघाताआधीचे आहेत हे कळल्यावर तोही गळाला. पहिले वाक्य आता असे केले आहे: "मुलाच्या मृत्यूपूर्वी बहुतांशी लिहिलेली आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या शोकात पूर्ण झालेली ही गाणी ऐकताना, आणि ती गाणाऱ्याला पडद्यावर पाहताना, वारंवार भरून येते, आणि तरीही प्रत्येक वेळी गाणेच ऐकू येते." तीन 'आणि' पाठोपाठ आले आहेत, त्यांतला एक काढता येईल का ते सांगावे.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

'भरून येते'नंतर अर्धविराम द्यावा आणि पुढचा 'आणि' काढून थेट 'तरीही'ने सुरुवात करावी. 'वारंवार'ही काढावा, 'भरून येते' या वर्तमानकाळातच ते आले आहे.