24व्या आठवड्यात लंडनला जातेय, इन्शुरन्स काढलाय, अजून काय बघू?

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी, पहिलीच प्रेग्नन्सी आहे म्हणून विचारतेय, हसू नका. आत्ता 19वा आठवडा चालू आहे आणि नणंदेकडे लंडनला जायचंय, ती कधीची बोलावतेय आणि नवऱ्याला सुट्टी आत्ताच मिळतेय. जाताना 24 आठवडे, येताना बरोबर 28 पूर्ण. गायनॅक म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे, जा. सासूबाई म्हणतात सातव्यात समुद्र ओलांडायचा नाही (मी म्हटलं ऑफिसला जाताना सी लिंकवरून रोज ओलांडतेच की). ट्रॅव्हल इन्शुरन्स 50 हजार डॉलरचा काढलाय, तिकडे काही झालंच तर त्यात भागेल ना? थायरॉइडची गोळी चालू आहे, ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह.

ठाण्याची_मावशी
अगं आधी त्या पॉलिसीचं पीडीएफ उघड आणि एक्स्क्लुजन्सचं (काय काय कव्हर नाही ते) पान वाच. आपल्याकडच्या बऱ्याचशा ट्रॅव्हल पॉलिसीत प्रेग्नन्सी आणि डिलिव्हरी सरळ बाहेर असते, काहींत फक्त अचानक आलेलं कॉम्प्लिकेशन चालतं आणि तेही अमुक आठवड्यापर्यंतच. एजंट फोनवर "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" म्हणतो, माझ्या भावजयीला पण म्हणाला होता, क्लेमच्या वेळी तो फोनच उचलेना. त्यामुळे कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घे.

क्रॉयडन_रिटर्न
चार वर्षं तिकडे राहून आलोय, बायकोची डिलिव्हरी तिकडचीच. टुरिस्टला एनएचएस (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) फुकट नाही हे लक्षात ठेवा. जीपी (तिकडचे फॅमिली डॉक्टर) आणि ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) मध्ये तपासायचे पैसे घेत नाहीत, पण वॉर्डात ॲडमिट केलं की व्हिजिटरला बिल लागतं, ठरलेल्या दराच्या 150 टक्के, आणि मॅटर्निटी त्यातच येते. एक दिलासा म्हणजे मॅटर्निटी केअर तातडीची धरतात, आधी पैसे भरा नाहीतर परत जा असं करत नाहीत, बिल नंतर येतं. नणंदबाईंच्या घराजवळच्या मॅटर्निटी युनिटचा नंबर आत्ताच फ्रिजवर चिकटवायला सांगा. ब्लीडिंग झालं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तिथेच फोन करायचा, साध्या शंकेला 111, खरी इमर्जन्सी असेल तर 999. आणि हो, तिकडे सोनोग्राफी करायची वेळ आली तर मुलगा की मुलगी हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांगतात, आपल्यासारखा कायदा नाही, नको असेल तर टेबलावर झोपायच्या आधीच सांगून ठेवा.

पाळणा_हलला
कोणी त्या ओ निगेटिव्हबद्दल बोलत का नाहीये?? माझा पण निगेटिव्ह. नवरा पॉझिटिव्ह असला की साधारण 28व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी बनू नयेत म्हणून) देतात आणि मध्ये ब्लीडिंग झालं किंवा पोटाला मार लागला तर 72 तासांच्या आत द्यायचं असतं. तू नेमकी तेव्हाच विमानात किंवा जेट लॅगमध्ये असशील. वरून बऱ्याच एअरलाइन्स 28 आठवड्यांनंतर डॉक्टरचं फिट टू फ्लाय लेटर मागतात आणि ते अगदी अलीकडचं लागतं, म्हणजे मुंबईतून महिनाभर आधी नेलेलं परतीच्या वेळी शिळं. मला एका काउंटरवर असंच अडवलं होतं, सुजलेले पाय घेऊन पाऊण तास उभी, शेवटी आमच्या डॉक्टरांनी रात्री दोनला व्हॉट्सॲपवर लेटर पाठवलं तेव्हा बोर्डिंग पास मिळाला. आठवडे फक्त जायच्या नाही, यायच्या तारखेचे पण मोजतात. परतीचं तिकीट आठवडाभर अलीकडे घे ना. साखरेची टेस्ट 24 ते 28 मध्ये करतात, ती निघायच्या आधी उरक. फाईल, थायरॉइडच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शन सगळं हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

ठाण्याची_मावशी
+1. आणि नऊ-दहा तासांची फ्लाइट आहे, आइलची सीट घे, दीड-दोन तासांनी उठून चक्कर मार, पट्टा पोटाच्या खालून. रक्ताची गुठळी होण्याचा धोका प्रेग्नन्सीत जास्त असतो, त्यासाठीच्या घट्ट कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जचं डॉक्टरांना विचार.

पार्लेकरीण
पीडीएफ उघडलं, पान 14 वर बारीक अक्षरात "प्रेग्नन्सी नॉट कव्हर्ड" 🤦‍♀️ ती पॉलिसी कॅन्सल करून आता इमर्जन्सी कव्हर असलेली शोधतेय, ईमेल टाकलेत दोन कंपन्यांना. परतीचं तिकीट 26व्या आठवड्यावर आणलं, फरकाचे पैसे नवरा देणार. गायनॅकना फोन केला तर म्हणाल्या अगं मला वाटलं तू पंधरा दिवसच जातेयस. सासूबाईंना नवीन तारीख सांगितली, आता त्या गोडा मसाला किती किलो नेता येतो ते विचारतायत.