निओ-६एम जीपीएस आणि उनो : घर सदाशिव पेठेत, ठिपका मात्र रायगडाकडच्या डोंगरात

पेठकर_डिप्लोमा
नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या आजोबांची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर चालते आणि दिंडीचा ट्रक, म्हणजे ज्यात तंबू, गॅस, भांडी, सगळ्यांच्या वळकट्या असतात तो, वेगळा पुढे जाऊन मुक्कामाला जागा धरतो. संध्याकाळी दमून आलेली म्हातारी माणसं एवढ्या गर्दीत तो ट्रक शोधत फिरतात, ड्रायव्हरचा फोन लागेलच असं नाही. म्हणून ट्रकमध्ये ठेवायला ट्रॅकर बनवतोय, त्याने नुसतं ट्रक कुठे उभाय ते एसएमएसवर कळवायचं.

बुधवार पेठेतनं निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल आणलं, अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला सॉफ्टवेअर सिरीयलने (म्हणजे साध्या पिनांवर कोडने चालवलेल्या सिरीयल जोडणीने) जोडलंय. अडचणी अशा की घरात कितीही वेळ ठेवा फिक्स, म्हणजे जागेचा ठाव, येतच नाही, एलईडी लुकलुकत नाही. गच्चीवर नेलं तर आला, पण अक्षांश रेखांश मॅपवर टाकले तर ठिपका थेट डोंगरात. सिरीयल मॉनिटरवर १८३०.६० आणि ०७३५१.०० असं दिसतं, मी १०० ने भागून १८.३०६० आणि ७३.५१०० घेतो. वर मधेमधे ओळी अर्धवट तुटून येतात, लूपमध्ये सेकंदाचा डिले आहे. मॉड्यूल खराब आहे का? बदलून आणू का?

वेताळटेकडी
बदलू नकोस, मॉड्यूल एकदम व्यवस्थित आहे, तुला अगदी बरोबर जागा सांगतंय. १८३०.६० म्हणजे १८ अंश ३०.६० मिनिटं. एनएमईए वाक्यात, म्हणजे मॉड्यूल स्वल्पविरामांनी तोडून पाठवतं त्या ओळीत, अंश आणि मिनिटं एकाला एक चिकटून येतात, अक्षांशात पहिले २ आकडे अंशाचे आणि रेखांशात पहिले ३, पुढचं सगळं मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं आणि अंशात मिळवायचं. ३०.६० भागिले ६० म्हणजे ०.५१, झाले १८.५१. तसंच ५१.०० चे ०.८५, म्हणजे ७३.८५. आता हे टाकून बघ, सदाशिव पेठच येईल.

तू १०० ने भागलंस त्यामुळे अक्षांशात ०.२०४ अंश कमी पडले, म्हणजे दक्षिणेला साधारण साडेबावीस किलोमीटर, आणि रेखांशात ०.३४, म्हणजे पश्चिमेला ३६. मिळून चाळीसेक किलोमीटर लांब, रायगडाच्या ईशान्येचे डोंगर. ही चूक ओळखायची खूण लक्षात ठेव, १०० ने भागलेल्या आकड्यात दशांश चिन्हापुढे .६० किंवा त्याच्या वरचं कधीच दिसत नाही कारण मिनिटं साठाच्या आत असतात. आठवडाभराचे आकडे गोळा केलेस आणि एकही .६ च्या वर गेला नाही तर समजायचं मिनिटं तशीच राहिलीत.

खरं तर हाताने स्वल्पविराम मोजत बसूच नकोस, टायनीजीपीएस प्लस प्लस लायब्ररी घे, ती सरळ दशांशात अंश देते. पण एकदा हाताने गणित केलंस ते बरंच झालं, उद्या लायब्ररीने काही विचित्र दिलं तर तुला कच्चं वाक्य वाचता येईल.

सोल्डरताई
तुटक्या ओळींचं मी सांगते. तो सेकंदाचा डिले काढ आधी. मॉड्यूल ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) बोलतं म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं, आणि दर सेकंदाला ते जीजीए, आरएमसी, जीएसए, जीएसव्ही अशी बरीच वाक्यं ओतत असतं. सॉफ्टवेअर सिरीयलचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं वाचेपर्यंत साठवायची जागा, फक्त ६४ बाइटचा. तो ७० मिलिसेकंदाच्या आतच भरतो आणि तू अजून सेकंदभर झोपलेला, मग पुढची अक्षरं गळतात, वाक्याचं शेपूट दुसऱ्याच वाक्याला लागतं, चेकसम (वाक्य अख्खं आलं का ते तपासायचा शेवटचा आकडा) जुळत नाही. लूप सतत वाचत राहिला पाहिजे आणि छापायचं, पाठवायचं काम मिलिस (अर्डुइनोचं मिलिसेकंद मोजणारं फंक्शन) बघून अधूनमधून करायचं. लायब्ररीत चेकसम किती वेळा चुकला ते सांगणारं फंक्शन आहे, ते छापून बघ, आकडा वाढत असेल तर अजून कुठेतरी वेळ खातोयस.

जमत असेल तर उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड घे असं मी म्हणेन. उनोला हार्डवेअर सिरीयल एकच, तीही यूएसबीत अडकलेली. ईएसपी३२ ला तीन आहेत आणि तो मॉड्यूलच्या पिनांसारखाच ३.३ व्होल्टचा आहे. उनोवरच राहणार असशील तर एक नक्की पाळ, मॉड्यूलच्या आरएक्स (ऐकायच्या) पिनला उनोचे ५ व्होल्ट थेट देऊ नको. तुला नुसतं वाचायचंय ना, मग ती वायर लावायचीच नाही, मॉड्यूलचा टीएक्स (बोलायची पिन) तेवढा उनोकडे आण.

मुळाकाठ_६४
बाळा, घरात फिक्स न येण्याचं कारण आधी समजून घे म्हणजे ट्रकमध्ये कुठे बसवायचं तेही कळेल. उपग्रह वीस हजार किलोमीटरच्या वर आहेत, जमिनीवर येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की आरसीसीच्या स्लॅबमधून त्याचं काही उरत नाही. आणि नुसता उपग्रह दिसून भागत नाही, तो कुठे आहे याची माहिती त्याच्याकडूनच उतरवून घ्यावी लागते, ती सेकंदाला ५० बिट अशा गतीने येते. त्या माहितीची एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण फेरी, ३० सेकंदांची. मध्येच सिग्नल तुटला की राहिलेला भाग पुन्हा फिरून यायची वाट बघावी लागते, आणि असं निदान चार उपग्रहांचं व्हावं लागतं. म्हणून मोकळ्या आभाळाखाली अर्ध्याएक मिनिटात लागणारं मॉड्यूल वाड्याच्या चौकात, जिथे पत्र्याएवढंच आभाळ दिसतं, तिथे दहा-पंधरा मिनिटं घेतं. पहिल्यांदा लावताना गच्चीवर ठेव आणि हलवू नकोस.

ट्रकमध्ये अँटेनाचा तो चौकोनी सिरॅमिकचा तुकडा आभाळाकडे तोंड करून हवा. केबिनचं छत पत्र्याचं, त्याखाली काही मिळणार नाही. काचेखाली डॅशबोर्डवर ठेव, नाहीतर मागे ताडपत्रीखाली, ताडपत्री सिग्नल अडवत नाही. पाऊस पडला तरी काळजी नको, या फ्रीक्वेन्सीला पावसाने जवळजवळ काही होत नाही, भिजून सर्किट जाईल ती काळजी कर, डबा नीट बंद कर. दिवे घाटात एका अंगाला डोंगर आला की तिकडचे उपग्रह झाकले जातात, ठिपका थोडा सरकेल. तुला ट्रक सापडायचाय, शेताची मोजणी करायची नाही, त्यामुळे दहा-वीस मीटरने बिघडत नाही.

पेठकर_डिप्लोमा
ताई, काका, दादा, खूप आभार! १८.५१ आणि ७३.८५ टाकलं, आमच्याच गल्लीशेजारी ठिपका आला, आजोबांना दाखवला तर ते मॅपवर सासवडच्या मुक्कामाची जागा शोधायला लागले. डिले काढल्यावर ओळी पण अख्ख्या येतायत. आता दोन शंका. वेळ साडेपाच तास मागे दिसते ती नुसती ५:३० मिळवून छापू का? आणि नुसतं फोनवरचं लाइव्ह लोकेशन का नाही वापरत असं मित्र विचारतायत.

वेताळटेकडी
जीपीएस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं म्हणून साडेपाच तास, पण नुसत्या तासात मिळवून थांबू नकोस, तारखेचं बघ. आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते. दिंडीचे ट्रक पहाटेच हलतात, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या मेसेजवर कालची तारीख पडेल आणि आजोबांच्या मंडळींना वाटेल ट्रक अजून कालच्याच मुक्कामावर आहे. तारीख आणि वेळ एकत्र सेकंदात करून १९८०० मिळव आणि मग परत फोड.

लाइव्ह लोकेशन चांगलंच आहे, पण त्याला ड्रायव्हरचा फोन चार्ज हवा, डेटा चालू हवा, आणि लाखो माणसं एका गावात उतरली की डेटा रखडतो. एसएमएस तिथेही बऱ्याचदा निघून जातो. दिंडीतल्या बऱ्याच आजी-आजोबांकडे साधा फोन असतो तेही आहेच. म्हणून मेसेजमध्ये नुसते आकडे टाकू नकोस, त्यांना १८.३४ काय कळणार. मुक्कामाच्या चार-पाच खुणांच्या जागा आधीच कोडमध्ये भरून ठेव, म्हणजे शाळा, देऊळ, पेट्रोल पंप, आणि त्यातल्या जवळच्या जागेचं नाव आणि अंतर पाठव. लायब्ररीत दोन बिंदूंमधलं अंतर आणि दिशा काढायची सोय आहे.

सोल्डरताई
एसएमएससाठी सिम८००एल हे सिम घालायचं मॉड्यूल घेणार असशील तर ते २जीवर चालतं, जिओचं सिम त्यात चालणार नाही कारण जिओला २जी नाहीच. आणि मेसेज पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, उनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून दिलंस तर रीसेट होत राहील आणि तू पुन्हा जीपीएसलाच दोष देशील. त्याला ४ व्होल्टच्या आसपास वेगळा सप्लाय दे, जवळ मोठा कपॅसिटर लाव, ग्राउंड सगळ्यांचे एक कर. ट्रक १२ चा आहे की २४ व्होल्टचा ते ड्रायव्हरकाकांना विचारून मगच कन्व्हर्टर घे. आणि निघायच्या आधी एकदा कुणाच्या तरी गाडीत ठेवून सासवडपर्यंत चक्कर मारून ये, घाटात रेंज कुठे जाते ते लिहून घे, तिथे मेसेज अडकला तर पुन्हा पाठवायची सोय कोडमध्ये लागेल.